दामू, ते हाड माझं होतं

दामू,

तुझ्या दहाव्याला मी चार शब्द बोललो. ते सगळे खरे होते, पण अर्धेच होते. गेल्या वर्षी नाताळात शेठ आजारी पडला तेव्हा तू अकरा दिवस त्याच्याशेजारी लादीवर झोपलास, हे मी सांगितलं. त्याला चमच्याने पेज भरवलीस, तेही सांगितलं. बायका डोळे पुसायला लागल्या. तुझ्या पुतण्याने माझ्यापुढे पाण्याची बाटली धरली, कारण मीही रडत होतो. लोक म्हणाले, दोस्ती असावी तर अशी. शेठ आजारी कशाने पडला, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. ते सांगायला आता बसलोय. लाज वाटली की मला आधी विनोद सुचतो, हा माझा जुना रोग तुला माहीत आहे. तेवढं सांभाळून घे.

तुझ्या घरासमोरच्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो त्याला नऊ वर्षं झाली. सामानाचा टेम्पो बोनकोड्याच्या गल्लीत शिरला आणि एक तांबडा, एक कान पडलेला गावठी कुत्रा चाकासमोर आडवा बसला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. तू ओटीवरून म्हणालास, "शेठ हाय तो. त्याला इचारल्याशिवाय या गल्लीत कोनी ऱ्हायला येत नाय." मी खरोखरच खाली उतरलो, हात जोडले आणि म्हणालो, "शेठ, आम्ही सावंत. येऊ का?" तो उठला, अंग झाडलं आणि बाजूला झाला. माझी बायको नीता टेम्पोत कपाळाला हात लावून बसली होती. त्या दिवसापासून रोज साडेचारला तू, मी आणि शेठ तलावापर्यंत जाऊन यायला लागलो. मी बोलायचो, तू ऐकायचास आणि शेठ प्रत्येक खांबाशी थांबून आपलं मत नोंदवायचा.

डिसेंबर आला की तुझ्या अंगात यायचं. माणसांची मौज होते आणि मुक्या जनावरांचे हाल होतात, असं तुझं म्हणणं. नाताळच्या आधी आठ दिवस तू गल्लीतल्या प्रत्येक बिल्डिंगच्या लिफ्टपाशी हाताने लिहिलेला कागद डकवायचास. तुझं अक्षर म्हणजे दोरीवर वाळत घातलेले बोंबील. मजकूर मला पाठ आहे: 'नाताळच्या शुभेच्छा. केकमध्ये मनुका आणि चॉकलेट असतं, कुत्र्याला दोन्ही विष. कांदा नको. शिजलेलं हाड तर मुळीच नको. फटाके वाजले तर खिडक्या लावा, रेडिओ लावा, जवळ बसा. पट्ट्यावर फोन नंबर लिहा, घाबरून पळालं तर लोक आणून देतील. दिव्यांच्या वायरी उंच बांधा. पाहुण्यांना सांगा, लाड हाताने करा, ताटाने नको.' खाली सही: दामोदर, शेठचे वडील.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा 'वडील' शब्दाला हरकत घेतली. तू म्हणालास, "मंग काय, चेअरमन लिवू?"

हाडाच्या मुद्द्यावर मात्र मी तुझ्याशी आठ वर्षं भांडलो. तलावाच्या कठड्यावर बसून मी तुला अक्कल शिकवायचो, "अरे, कुत्र्याने हाड नाही खायचं तर काय बडीशेप खायची? हजारो वर्षं खातायत ती."

"हजारो वर्षं मेली पन असतील," तू म्हणायचास. "तुला सांगाया कोन आलेलं?"

"असं काही नसतं."

"कच्चं हाड वाकतं रे सावंत. शिजलेलं बांगडीवानी फुटतं. आतड्यात बांगडीचे तुकडे घालशील कोनाच्या?"

हा वाद तुझ्यावरच उलटला असं तू शेवटपर्यंत समजत होतास. तो गेल्या वर्षीच निकाली निघाला होता. तू जिंकला होतास. मी तुला कळवलं नाही.

गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीला तू करंजाड्याला, बहिणीच्या अंगणात पोपटी लावलीस. तुझ्या पोपटीची कीर्ती मी नेरूळपर्यंत पसरवली होती. मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवायचा. मडकं उतरलं की तुझं पहिलं काम शेठला लांब, आंब्याखाली बांधणं. दुसरं काम, जेवण झाल्यावर प्रत्येकाच्या पानाशी बादली घेऊन फिरणं आणि हाडं गोळा करणं. "टाका, टाका, खिशात नेऊ नका," असं ओरडत तू फिरायचास. एखाद्या पानावर तंगडीचं एकच हाड दिसलं तर "दुसरी कुठं हाय?" म्हणून विचारायचास. निघताना तू माझ्यासाठी दोन तंगड्या स्टीलच्या डब्यात भरल्यास. दुसरा दिवस मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. आमच्या घरात घट मांडलेला, नीताचं उद्यापन, चिकनचा डबा उंबऱ्याच्या आत आणायची सोय नव्हती. तू म्हणालास, "आमच्या खालच्या मासळीच्या फ्रिजात ठेवतो. शुक्रवारी ने."

शुक्रवारी ने. दोन शब्दांचं वाक्य होतं दामू, आणि मी शिकलेला माणूस आहे.

गुरुवारी दुपारी तू नेरूळला चष्मा आणायला गेलास. मंजुळावहिनी आमच्याकडे नीताच्या मदतीला होत्या, संध्याकाळी हळदीकुंकू होतं. गल्लीत पोरांनी नाताळचे उरलेले फटाके काढले होते, म्हणून तू शेठला माझ्यावर सोपवलंस. "खालच्या खोलीत बस. खिडक्या लाव. रेडिओ मोठा लाव. त्याच्या डोक्यावर हात ठेव." मी सगळं अगदी तसंच केलं. शेठ माझ्या मांडीवर डोकं ठेवून थरथरत होता आणि समोर तुझा मासळीचा फ्रिज घरघरत होता. सकाळपासून माझ्या पोटात वरी आणि रताळं होतं. मी स्वतःला समजावलं की डबा माझाच आहे. चोरी नाही. फक्त एक दिवस आधी.

गार पोपटीची चव काय सांगू! ते राहू दे. दुसरी तंगडी संपवत होतो आणि फाटकापाशी बांगड्या वाजल्या. नीताचा आवाज आला, "अहो, प्रसाद आणलाय." मागून वहिनी. माझ्या हातात दोन हाडं. खिडकीतून फेकावी तर खिडक्या तुझ्या सांगण्यावरून बंद. कचऱ्याच्या बादलीत टाकावी तर वहिनी बघणार. खिशात घालावी तर पांढरा लेंगा. आणि शेठ माझ्याकडे बघत होता. थरथर थांबली होती त्याची. दामू, मी विचार केला नाही असं म्हणणार नाही. मला बांगडीचे तुकडे आठवले होते. आठवले, आणि मी हात खाली केला.

कडाकडा आवाज झाला, पण तू सांगितल्याप्रमाणे रेडिओ मोठा होता. कुत्र्याच्या काळजीसाठी तू जे जे सांगितलं होतंस ते सगळं माझ्या कामी आलं. नीताने शिरा पुढे केला. मी बोटं शेठच्या पाठीला पुसली आणि भक्तिभावाने तो घेतला. वहिनी म्हणाल्या, "बघ नीता, कसा शांत झाला शेठ. भाऊजींचा लळा हाय त्याला."

शुक्रवारी सकाळी शेठ ओकत होता. पाठीची कमान करून तुझ्या ओटीच्या कोपऱ्यात उभा होता. बसता येत नव्हतं त्याला. आपण त्याला चादरीत घालून डॉक्टरकडे नेलं, पुढचं टोक तुझ्या हातात, मागचं माझ्या. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि विचारलं, "हाड दिलंत का याला?"

तू म्हणालास, "माझ्या घरात? नाय वो." मग तुझा चेहरा उतरताना मी पाहिला. "परवा पोपटी केली," तू म्हणालास. "बादली मीच फिरवली. एखादं ऱ्हायलं आसंल. मी गप्पांत व्हतो." आणि माझ्याकडे वळून विचारलंस, "व्हतो ना रे, गप्पांत?"

मी म्हणालो, "होतास."

एवढंच. तुझ्या खांद्यावर हातही ठेवला वर. खरं बोललो असतो तर काय झालं असतं? नीता चार दिवस बोलली नसती. तू दोन शिव्या घातल्या असत्यास. वहिनींनी त्या फ्रिजला कुलूप लावलं असतं. यापेक्षा मोठं काही नव्हतं, म्हणूनच सांगायला तोंड उरलं नाही. एवढ्या क्षुल्लक भीतीपायी मी तुझ्या डोक्यावर हे ठेवलं, असं कुणाला सांगतात का?

ऑपरेशन झालं. शेठ वाचला. गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घालून तो थर्टी फर्स्टला तुझ्या शेजारी पडला होता, आणि तू त्याच्या कानाशी रेडिओ धरून बसला होतास. मी रोज दुधी उकडून न्यायचो. टाके काढायला मीच उचलून नेलं त्याला. माझ्या सेवेची गल्लीत चर्चा झाली. इतकी स्तुती मला रिटायर होतानाही मिळाली नव्हती.

आणि तुला काय मिळालं, तेही मी पाहत होतो. पानाच्या टपरीवर तुझा चुलतभाऊ म्हणाला, "काय दामू, लोकांना कागद वाटतो नि आपल्या घरात हाड?" सगळे हसले. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर वेगळं दिसलं असतं. तू शेठचा पट्टा सावरत म्हणालास, "चूक झाली रे." पोपटी तू कायमची बंद केलीस. बहिणीने जानेवारीत दोनदा बोलावलं, तू मडकं उचलून दिलंस तिच्या दिराला.

आता सांगतो ते सगळ्यांत वाईट. परवाच्या नोव्हेंबरअखेरीस, तू जायच्या आठ दिवस आधी, तलावाच्या कठड्यावर मी तुला विचारलं, "अरे, यंदा कागद कधी लावतोस? आमच्या लिफ्टपाशी जागा धरून ठेवलीय." तू पाण्याकडे बघत होतास. म्हणालास, "नाय लावनार. माझा त्यो अधिकार गेला सावंत. शेठच्या पोटावरची शिवन रोज बघतो मी. लोकांना कुठल्या तोंडानं सांगू?"

तेव्हा आपण दोघंच होतो. तिसरा शेठ, आणि त्याला सगळं माहीतच होतं. मी तोंड उघडलं. शपथ घेऊन सांगतो, उघडलं होतं. आणि त्यातून बाहेर काय पडलं? आमच्या ऑफिसातल्या शिपायाचा तो मांजराचा किस्सा. तुला तो माहीत होता, तरी तू हसलास. माझ्या प्रत्येक शिळ्या किश्श्याला तू हसायचास. तुझा हा चांगुलपणा मला त्या दिवशी फार महागात पडला. माझं असं नेहमीच आहे, झालेलं नुकसान दुसऱ्याचं असलं तरी महागात मला पडतं. तुला किती पडलं हे मोजायला मी कधी बसलोच नाही.

पण तुझं खरंच खूप आहे माझ्याकडे, दामू. थंडीत मांजरं गरम इंजिनाशी जाऊन झोपतात, म्हणून गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायच्या, हे तू शिकवलंस. ऑफिसचे लोक मला वेडा म्हणायचे, एकदा खरंच एक पिल्लू उडी मारून पळालं. गल्लीतल्या बेवारशी कुत्र्यांना तू गोणपाटं अंथरायचास आणि नाताळच्या सकाळी सगळ्यांना उकडलेला भोपळा, भात आणि अंडं, वाटीने मूद पाडून. "त्यांचा केक," म्हणायचास. मी मूद पाडायला बसायचो, माझ्या नेहमी फुटायच्या. माझी आई गेली तेव्हा तू आमच्या घरी आलास, काहीच बोलला नाहीस, रेडिओ लावलास आणि माझ्याजवळ बसलास. तू कुत्र्यांना करायचास तेच मला केलंस. इतकं बरं मला कुणी वागवलं नव्हतं.

तुझं तेरावं झालं आणि मंजुळावहिनींनी मला बोलावलं. घर पाहुण्यांनी भरलेलं, शेठ कोपऱ्यात. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, थर्टी फर्स्टपर्यंत याला तुमच्याकडं न्या. फटाके वाजतील, पोरं काय बी खाऊ घालतील. ह्यांचं सगळं तुमाला पाठ हाय. तुमच्याशिवाय भरवसा नाय मला कोनाचा." आणि पट्टा माझ्या हातात दिला.

तीन दिवस शेठ आमच्याकडे होता. मी खिडक्या तपासल्या, वायरी उंच बांधल्या, पट्ट्यावर नंबर लिहिला. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवायचा आणि त्याच्या पोटावरची ती शिवण, केस न उगवलेली, माझ्या हाताला लागायची. चौथ्या दिवशी जेवताना मी नीताला सगळं सांगितलं.

नीता म्हणाली, "गुरुवारी?"

"हो."

"उद्यापनाच्या गुरुवारी? त्याच हाताने प्रसाद घेतलात?" घास तिने ताटात परत ठेवला. "आणि दामूभावजींनी वर्षभर…" ती उठली, पट्टा आणून माझ्यासमोर ठेवला. "आत्ता जा. हात धुवा आणि जा."

वहिनी ओटीवर तुझे शर्ट घडी करत होत्या. मी बसलो आणि सांगायला सुरुवात केली, आणि माझ्या जिभेने दगा दिला. मी किस्सा सांगावा तसा सांगायला लागलो. वरी-रताळं, घरघरणारा फ्रिज, फाटकाशी बांगड्या, पांढरा लेंगा. वहिनी चक्क हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या असतील. "मंग? काय केलंत हाडांचं?" त्यांनी हसत हसतच विचारलं, आणि मग त्यांना कळलं.

"तुमी दिलंत?"

"हो."

"ह्यांच्या हातनं नाय ऱ्हायलं?"

"नाही वहिनी. त्याने सगळी गोळा केली होती."

त्यांनी हातातला शर्ट मांडीवर ठेवला. बराच वेळ त्याची कॉलर सरळ करत राहिल्या.

"भाऊजी, मी वर्षभर बोलले त्यांना," त्या म्हणाल्या. "जेवून ताट उचलायला उशीर झाला की बोलायची. एकदा जीव घ्यायला निघालेलात, अजून अक्कल नाय आली, असं. सुनेसमोर बोलले. तुमच्या नीतासमोर बोलले. ते कायच नाय बोलायचे. ताट उचलून मोरीत न्यायचे." त्यांनी वर पाहिलं. "आता मी कोनाला सांगू, चुकले म्हनून?"

पहिल्यांदाच मला किस्सा सुचला नाही.

त्यांनी हात पुढे केला. मी पट्टा दिला. "शेठ हितंच ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. मी पायरी उतरलो तेव्हा मागून आवाज आला. "तुमी लिवता ना त्या मासिकाच्या अंकात, आपल्या फजितीचं? लोक वाचतात, हसतात. ही बी लिवा. गाव हसलाय त्यांना, गावाला कळू दे. नि हसवू नका जास्ती."

म्हणून लिहितोय. टपरीवरच्या तुझ्या चुलतभावाने वाचावं म्हणून, करंजाड्याच्या तुझ्या बहिणीने वाचावं म्हणून. त्या दिवशी बादलीत एकही हाड कमी नव्हतं. दामोदर गप्पांत नव्हता. त्याच्या ओळखीचा एक माणूस खोटारडा होता. हसवू नका असं सांगूनही मी मधे मधे हसवलंय, ते त्या रोगामुळे. वहिनींची माफी मागतो. तुझी कशी मागायची ते मला कळत नाही. तू असतास तर 'जाऊ दे रे' म्हणाला असतास, आणि ते मला ऐकायला मिळू नये हेच बरोबर आहे. तुझा कागद मी लिफ्टपाशी लावलाय, तुझ्याच शब्दांत, खाली तुझ्याच नावाने. माझी सही करायचा प्रश्नच नव्हता.

काल साडेचारला शेठ तुझ्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि समोर आमच्या खिडकीकडे बघून रडायला लागला. त्याला माझा राग नाही. कुत्र्यांचं हे फार वाईट असतं. पंधरा मिनिटं वहिनींनी ऐकून घेतलं आणि मग ओटीवरून हाक मारली, "या. तलावापर्यंत नि परत."

मी धावत उतरलो. फाटकात त्यांनी मला अडवलं. गल्लीत नाताळच्या सुट्टीची गर्दी होती, पोरं चांदण्यांच्या माळा टांगत होती, तुझा चुलतभाऊ टपरीवर होता.

"खिसे दाखवा," वहिनी म्हणाल्या.

मी पँटचे दोन्ही खिसे बाहेर काढले. मग शर्टाचा. रुमाल झटकून दाखवला. त्यांनी नीट पाहिलं, मग पट्टा दिला. आजही दाखवले. उद्याही दाखवीन, रोज साडेचारला, भर गल्लीत. आणि दामू, दोन्ही दिवस शेठ माझ्या उलट्या खिशांना नाक लावून, शेपूट हलवत, माझ्याकडे मोठ्या आशेने बघत उभा होता.